टाकीला काठ हवा

तळे म्हटले की त्याला काठ असणारच. काचेच्या टाकीला मात्र तो नसतो, आणि ते सहसा आपल्या लक्षातही येत नाही. टाकीच्या भिंती सरळ उभ्या असतात, पाणी वरपर्यंत भरलेले असते, आणि पाणी संपते तिथे काच सुरू होते. माशाला यात काही कमी पडत नाही. पण टायगर सॅलमँडरच्या पिल्लाचे कल्ले उन्हाळ्यात एक दिवस आक्रसू लागतात. फुप्फुसांवरचा भार वाढतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पाण्याबाहेर पाय टेकायला जागा लागते. ती मिळाली नाही, तर पाण्यात जन्मलेला आणि पाण्यातच वाढलेला हा जीव त्याच पाण्यात बुडून मरतो. पाळणाऱ्याने जीव लावून वाढवलेले पिल्लू असे ऐन उंबरठ्यावर जावे, याचे मला फार वाईट वाटते, कारण एक दगड, झाडाच्या सालीचा एक तुकडा आणि थोडे कमी पाणी एवढ्यावर ते वाचले असते. हे पुस्तक त्या उंबरठ्याविषयी आहे.

मराठी वाचकाला सॅलमँडर घरचा नाही. सह्याद्रीत बेडकांच्या कितीतरी जाती आहेत, मातीखाली राहणारी देवगांडुळे आहेत, पण उभयचरांच्या या तिसऱ्या घराण्यातले कोणी तिथे नाही. भारतात सॅलमँडर पाहायचा तर दार्जिलिंगसारख्या ईशान्येकडच्या डोंगरांत जावे लागते. तिथल्या पाणथळ डबक्यांत हिमालयी सॅलमँडर पावसाळ्यात अंडी घालतो आणि उरलेले वर्ष दगडांखाली, ओल्या पाचोळ्यात काढतो. कायद्याने तो संरक्षित आहे. त्याला पाळणे तर सोडाच, पकडणेही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

मग मराठीत हे पुस्तक कशाला? कारण मराठी घरांत सॅलमँडर दोन वाटांनी येऊन पोहोचला आहे. एक वाट अमेरिकेतली. तिथल्या शाळांत टायगर सॅलमँडरची पिल्ले वर्गात वाढवतात, आणि सुटी लागली की टाकी एखाद्या मुलाबरोबर घरी येते. मासेमारीच्या आमिषाच्या दुकानांतही ही पिल्ले विकत मिळतात. शिकागोभोवतीच्या उपनगरांत मराठी घरे भरपूर आहेत, आणि ज्या इलिनॉय राज्यात ती आहेत त्या राज्याचा अधिकृत उभयचर प्राणी हाच टायगर सॅलमँडर आहे. दुसरी वाट मत्स्यालयाच्या दुकानांची. भारतातल्या मोठ्या शहरांत तिथे ॲक्झोलॉटल विकायला असतो. गुलाबी कल्ल्यांचा, हसऱ्या तोंडाचा हा प्राणी मुलांना पाहताक्षणी आवडतो. दोघे एकाच कुळातले, तरीही काठापाशी आले की दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या होतात. म्हणून या पुस्तकात मुख्य पात्र टायगर सॅलमँडर आहे. ॲक्झोलॉटल त्याच्या शेजारी ठेवला आहे, तो बऱ्याच अंशी काय करू नये हे सांगण्यासाठी.

पावसाळ्यातल्या डबक्यात बेडकाची पिल्ले आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. सॅलमँडरचे पिल्लू त्याहून वेगळे असते. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, याला आधी पुढचे. बेडकाची शेपटी शेवटी विरघळून जाते, याची आयुष्यभर टिकते. बेडकाची पिल्ले बहुधा शेवाळ खरवडून जगतात. हे मात्र अंड्यातून बाहेर आल्यापासून शिकारी असते. आधी पाण्यातले पिसवांएवढे जीव, मग अळ्या, मग गांडुळे, आणि जागा अपुरी असेल किंवा अन्न कमी पडले तर स्वतःची भावंडेसुद्धा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसाऱ्यासारखे कल्ल्यांचे तीन-तीन झुबके असतात. पाठीवरून शेपटीपर्यंत पातळ पडद्यासारखा पर असतो.

मग रूपांतर सुरू होते. बाहेरून दिसते ते थोडे: पाठीवरचा पर खाली बसतो, कल्ल्यांचे केस आखूड होत जातात, डोळे वर उचलले जातात आणि त्यांना पापण्या येतात, कातडी जाड होऊन तुकड्यातुकड्यांनी कात टाकली जाते. आत त्याहून बरेच काही चाललेले असते. पाण्यातले हेलकावे टिपणारी कातडीवरची ज्ञानेंद्रिये नाहीशी होतात. शरीरातला नायट्रोजन तोवर अमोनियाच्या रूपात सरळ पाण्यात जात असतो, आता त्याचा युरिया होऊ लागतो, कारण जमिनीवर अमोनिया धुऊन न्यायला पाणी नसते. टाळूची हाडे आणि दातांच्या रांगा नव्याने मांडल्या जातात. पाण्यात हा प्राणी तोंड झटकन उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढत होता. जमिनीवर ती युक्ती चालत नाही, तिथे चिकट जीभ लागते, आणि ती या दिवसांत घडत असते. एवढे कळले की पाळणाऱ्याची पहिली मोठी काळजी मिटते. पिल्लू आठवडा-आठवडा काही खात नाही, याचे कारण जे तोंड खाणार तेच अजून पुरे झालेले नसते. स्वयंपाकघर पाडून नवे बांधायला काढले की घरात चूल पेटत नाही, तसेच हे.

हे सगळे अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना घोड्याची आणि इतर प्राण्यांची अवटू ग्रंथी खाऊ घातली, आणि ती वेळेच्या कितीतरी आधी बेडूक झाली, पण अगदी चिमुकले. १९२० साली ज्युलियन हक्सलेने बैलाची अवटू ग्रंथी खाऊ घालून ॲक्झोलॉटल जमिनीवर आणला, तेव्हा वर्तमानपत्रांनाही त्याची भुरळ पडली. पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी आहे. मेंदूतून अवटू ग्रंथीला जागे करणारा जो संदेश उभयचरांत जातो, तोच ताणाच्या वेळीही जातो. तळे आटू लागले, पाणी तापले, गर्दी झाली, अन्न घटले, की पिल्लू घाईने रूपांतर उरकते. निसर्गात ही घाई जीव वाचवते, कारण आटत्या डबक्यात थांबणे म्हणजे मरणे. पण त्याची किंमत असते: घाईने बाहेर आलेला प्राणी लहान आणि अशक्त असतो. घरातली टाकी आटत नाही. तरीही तापलेले, घाणेरडे किंवा गर्दीचे पाणी पिल्लाच्या शरीराला तोच निरोप देते. म्हणून रूपांतराची काळजी घेणे म्हणजे आधीचे दोन-तीन महिने पाण्याची काळजी घेणे. भरपूर खाऊन, थंड आणि स्वच्छ पाण्यात, आपल्या गतीने वाढलेले पिल्लू काठाशी येते तेव्हा त्याच्या अंगात उपासाचे दिवस काढायची ताकद असते.

इथे मला एका बाईंविषयी लिहायचे आहे. पाळणाऱ्यांच्या परंपरेत त्यांचा मान मोठा असायला हवा, पण त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१८६४ साली पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ओग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे मेक्सिकोतून आलेले सहा ॲक्झोलॉटल पोहोचले. पुढच्या वर्षी त्यांनी अंडी घातली, आणि त्या पिल्लांपैकी काही कल्ले गमावून जमिनीवरचे सॅलमँडर झाले. शास्त्रज्ञ थक्क झाले, कारण आईबाप पाण्यातलेच राहिले होते. हे मुद्दाम घडवून आणता येईल का, असा प्रश्न जर्मनीत फ्रायबुर्गला ऑगस्ट वाइझमान यांना पडला, आणि तो प्रयोग मारी फॉन शॉविन यांनी हाती घेतला. १८७४ च्या जूनमध्ये त्यांनी काही दिवसांची पाच पिल्ले घेतली. त्यांच्या टिपणांतली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की महिनोन्‌महिने त्यांनी रूपांतरासाठी काहीच केले नाही. पाण्याचे तापमान सांभाळले, अन्न सांभाळले, आणि या वयात कितीही जपले तरी ते कमीच, असे मानून पिल्ले वाढवली. पाचही जगली. हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांतले एक सतत पृष्ठभागाशी तरंगताना दिसू लागले. तेव्हा कुठे त्यांनी हात घातला. पिल्लाला मोठ्या भांड्यात हलवून भांडे आणि पाणी असे ठेवले की बुडी मारता येईल एवढी खोली एकाच जागी राहावी, आणि तळावर चालताना अंग हवेत यावे. उंच टोकाला वाळूवर ओले शेवाळ पसरले. रोज पाणी थोडे कमी केले. काही दिवसांतच ते पिल्लू आपल्या पायांनी शेवाळात जाऊन बसले.

त्यांनी प्राण्याला पाण्यातून उचलून बाहेर ठेवले नाही. काठ तयार केला आणि वाट पाहिली. आज दीडशे वर्षांनी आपल्याकडे फिल्टर आहेत, पाणी तपासायच्या पट्ट्या आहेत, तापमापक आहेत, पण कृती हीच आहे, आणि माझे या पुस्तकात सांगणेही एवढेच आहे.

आता हा काठ घरात कसा करायचा, त्याचा आराखडा इथे देतो. तपशील पुढच्या प्रकरणांत येईल, पण ज्याच्या टाकीत आज पिल्लू वर येऊन हवा गिळते आहे, त्याला तिथवर थांबायला वेळ नाही.

पहिल्यांदा खात्री करा की हे रूपांतरच आहे. कल्ले आक्रसले म्हणजे रूपांतर आलेच असे नाही. पाण्यात अमोनिया साचला तर तो कल्ले जाळतो, आणि जळालेले कल्लेही आखूड दिसतात. पाठीवरचा पर पाहा. पर आणि कल्ले दोन्ही एकत्र कमी होत असतील, डोळे वर येत असतील, कातडीवर नवे ठिपके उमटू लागले असतील, तर रूपांतर आहे. पर जिथल्या तिथे आहे आणि फक्त कल्ले झडताहेत, तर आधी पाणी तपासा. या दोन गोष्टींत गल्लत झाली की पाळणारा आजारी पिल्लाला जमिनीवर चढवू पाहतो, आणि घाण पाणी तसेच राहते.

मग पाणी उतरवायचे, तेही एकदम नाही. काही दिवसांत हळूहळू इतके खाली आणायचे, की पिल्लाला मागच्या पायांवर उभे राहून नाकपुड्या सहज बाहेर काढता याव्यात. एका बाजूला चढण करायची: झाडाच्या सालीचा तुकडा, खरखरीत चपटे दगड, त्यांच्यावर शेवाळ. गुळगुळीत प्लॅस्टिक किंवा काच नको, त्यावरून ओले पोट घसरते. चढण पाण्याच्या तळापासूनच सुरू व्हायला हवी. वर तरंगणारा तुकडा थकलेल्या पिल्लाला सापडतोच असे नाही. फिल्टरचा झोत मंद करायचा किंवा बंद ठेवायचा, कारण पर गेलेले पिल्लू आता चांगले पोहू शकत नाही.

पाणी कमी झाले की एक गोष्ट हमखास विसरली जाते: तेवढीच घाण आता कमी पाण्यात असते. चार बादल्यांच्या टाकीत जो अमोनिया जाणवतही नव्हता, तो एका बादलीत घातक ठरतो, आणि तोही पिल्लू सर्वांत अशक्त असताना. म्हणून या दिवसांत रोज थोडे पाणी बदलावे लागते. नवे पाणी क्लोरीन काढलेले आणि जुन्या पाण्याइतक्याच तापमानाचे हवे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो हे खरे, पण अनेक शहरांत आता क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, आणि तो असा उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे औषधच वापरायला हवे.

तापमान पंधरा ते वीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे. पंचविशीच्या वर गेले की हा प्राणी हैराण होतो. पाणी गरम करायचे हीटर माशांसाठी असतात, इथे त्यांचे काम नाही. अमेरिकेत घराच्या तळघरात टाकी ठेवली की बरेच काम होऊन जाते. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत ही अट घरी पुरी करायची तर खर्चिक यंत्रणा लागते, आणि ती नसेल तर प्राणी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकीवर झाकण हवे, जाळीचे आणि घट्ट. नुकतेच बाहेर आलेले पिल्लू ओल्या पोटाच्या जोरावर काचेच्या कोपऱ्यातून वर चढते, आणि खाली पडले तर काही तासांत वाळून जाते. ही सूचना अनेकांना जादा वाटते. ती तशी नाही.

पिल्लू बाहेर आले की त्याला हात लावू नये. त्याची कातडी श्वास घेते, पाणी पिते, आणि आपल्या हातावरचे मीठ, साबण, मलम सगळे शोषून घेते. हलवायचेच असेल तर भांड्यानेच हलवावे. पहिले काही आठवडे मातीपेक्षा ओला साधा कागदी टॉवेल बरा. तो स्वच्छ ठेवता येतो, विष्ठा दिसते, आणि पहिल्या घासाबरोबर माती पोटात जात नाही. ओला म्हणजे हाताने पिळल्यावर जेवढा ओला राहतो तेवढाच, पाणी साचलेला नको. एका कोपऱ्यात लपायला साल, दुसरीकडे उथळ पाण्याची थाळी. नीट खाऊ लागल्यावर त्याला खोल माती द्यायची, दहा-पंधरा सेंटिमीटर तरी, कारण हा कूळधर्माने बीळ करून राहणारा प्राणी आहे. त्यानंतर तो दिवसचे दिवस दिसणार नाही. मुले निराश होतात, पण प्राणी बरा आहे याची ही खूण आहे.

पहिला घास गांडुळाचा, बारीक तुकडा चिमट्यात धरून नाकासमोर हलकेच हलवलेला. हलते तेच त्याला अन्न वाटते. नाकारला तर तुकडा काढून घ्यावा, दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी गांडुळे मात्र टाळावीत. डिवचल्यावर त्यांच्या अंगातून कडवट स्राव येतो, आणि बरेच सॅलमँडर ती थुंकून टाकतात. नवखा पाळणारा समजतो की प्राणी खात नाही, प्रत्यक्षात त्याला फक्त हेच गांडूळ नको असते. पुढे कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे देता येतात. हिरवळीवर पकडलेले किडे नकोत, कारण हिरवळीवर काय फवारले आहे ते आपल्याला माहीत नसते.

आणि रंगाची घाई करू नये. नव्या सॅलमँडरचा रंग मातकट, राखी-हिरवट असतो. ज्या पिवळ्या ठिपक्यांसाठी त्याला हौसेने आणले, ते उमटायला आठवडे, कधी महिने लागतात.

ॲक्झोलॉटलविषयी मी ठाम आहे: त्याला जमिनीवर आणायचा प्रयत्न करू नये. त्याचे शरीर कल्ल्यांसकटच प्रौढ होते, पाण्यातच अंडी घालते आणि पाण्यातच म्हातारे होते. आयोडीन किंवा संप्रेरक पाण्यात घालून त्याचे रूपांतर करता येते, पण त्यात अनेक प्राणी दगावतात, आणि वाचलेल्यांचे आयुष्य बहुधा घटते. प्रयोगशाळेत यातून बरेच ज्ञान मिळाले. घरात ते केवळ कुतूहलासाठी करणे क्रूर आहे. क्वचित एखादा ॲक्झोलॉटल आपणहून बदलू लागतो. पाळीव वाणात टायगर सॅलमँडरचे रक्त मिसळलेले आहे, कारण १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत रंगहीनतेचा (अल्बिनो) गुण आणण्यासाठी तसा संकर केला गेला. दुकानातून ॲक्झोलॉटल म्हणून आणलेले पिल्लू मुळात टायगर सॅलमँडरचे निघाले, असेही घडते. दोन्ही वेळा वर सांगितलेला काठच त्याच्या उपयोगी पडतो.

भारतात ॲक्झोलॉटल ठेवणाऱ्यांनी कायदाही नीट समजून घ्यावा. या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा जाती बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. मेक्सिकोच्या सोचिमिल्को कालव्यांतला त्याचा मूळ वंश आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. दुकानातल्या टाकीत तो ढिगाने दिसतो, म्हणून हे विसरता येत नाही.

पाळलेला सॅलमँडर कधीही बाहेर सोडू नये, यासाठी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिले आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यात मासेमारीच्या आमिषासाठी बाहेरून टायगर सॅलमँडरची पिल्ले आणली गेली. ती तळ्यांत सुटली, तिथल्या मूळच्या दुर्मीळ जातीशी त्यांचा संकर झाला, आणि आज तो निस्तरता येत नाही. रोगाची गोष्ट त्याहून भयंकर आहे. नेदरलँड्समधल्या एका जंगलात पिवळ्या-काळ्या फायर सॅलमँडरची वस्ती काही वर्षांत जवळजवळ संपली. कारण ठरली कातडी खाणारी एक बुरशी, जिची ओळख २०१३ साली पटली, आणि जी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आशियाकडून युरोपात पोहोचली असावी असे संशोधक मानतात. याच भीतीने अमेरिकेने २०१६ च्या जानेवारीत सॅलमँडरच्या वीस प्रजातिगटांच्या आयातीवर आणि राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर बंधने घातली. टायगर सॅलमँडर त्या यादीत नव्हता, पण बुरशी यादी वाचून पसरत नाही. टाकीतले पाणी अंगणात, नाल्यात, तळ्यात ओतू नये. आधी त्यात ब्लीच घालून ते निर्जंतुक करावे. माती आणि शेवाळही तसेच.

टायगर सॅलमँडर नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. पंचवीस वर्षे जगल्याच्याही नोंदी आहेत. वर्गातून सुटीपुरते पिल्लू घरी आणणारे मूल तेवढ्या काळात महाविद्यालयात गेलेले असेल. तेव्हा त्याची माती कोण बदलणार, हे आणण्याआधी घरात ठरलेले असावे.

पुस्तकाची रचना मी प्राण्याच्या आयुष्याच्या क्रमाने ठेवली आहे. काठाचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे आणि ते दोनदा वाचावे अशी विनंती आहे: एकदा पिल्लू आणण्याआधी, आणि एकदा त्याचा पर बसू लागल्यावर. सुरुवात मात्र अंड्यापासून किंवा पिल्लापासून नाही. रिकामी टाकी भरल्यापासून फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवू लागेपर्यंत काही आठवडे जातात, आणि त्या काळात टाकीत कोणीही नसावे. पहिले प्रकरण त्या आठवड्यांचे आहे.